चाक काढ, बाई, चाक काढ

माणूस गेला की घरी माणसं येतात. बसतात, चहा घेतात, गप्प राहतात आणि उठायच्या आधी एखादा किस्सा ठेवून जातात. रिकाम्या हातानं आलो असं वाटू नये म्हणून असेल. माझा मोठा भाऊ अरुण यंदा वैशाखात काविळीनं गेला. तेव्हापासून गोळीबार चौकाजवळच्या आमच्या दोन खोल्यांत इतके किस्से साचलेत, की खाट सरकवायला जागा नाही.

आणि सगळे एकाच गाण्याचे. अरुण ऑर्केस्ट्रात गायचा. लोकांची शेकडो गाणी म्हटली त्यानं, पण स्वतः केलं ते एकच. ते आमच्या मोहल्ल्यातल्या गिरजाबाईवर होतं. रॉक गाणं. मी त्याच्या मागं ड्रम वाजवायचो, म्हणून यातले बरेच किस्से मी डोळ्यांनी पाहिलेत. तरी लोक मलाच पुन्हा सांगतात. मी ऐकतो.

माय भिंतीला टेकून बसलेली असायची. पूर्वी ती इतकी बोलायची, की अरुण म्हणायचा, "मायले अ‍ॅम्प्लिफायर लागत नाही." तो गेला आणि तिचं बोलणं बंद झालं. एक शब्द नाही. उंबऱ्याबाहेर पाऊल नाही. घास हातात ठेवला तर खायची, नाही ठेवला तर नाही. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "हिला बोलतं कर, नाहीतर हीसुद्धा हातची जाईल." बोलतं कसं करतात ते मला कुठं माहीत? म्हणून कोणी आलं की मीच म्हणायचो, "अरुणचं काही सांगा ना," आणि मायच्या तोंडाकडं बघत बसायचो.

* * *

गिरजाबाई ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी हे. तिचा नवरा भाड्याच्या सायकलींचं दुकान मागं ठेवून वारला. लोक म्हणाले, विकून टाक. तिनं साडीचा पदर खोचला, कमरेला पाना खोचला आणि पंक्चर काढायला बसली.

एक दिवस गिरणीतला एक कामगार भर रस्त्यात बायकोला मारत होता. लोक गोल करून उभे होते. गिरजाबाई दुकानातून उठली. सगळ्यांना वाटलं, आता ही त्याचा हात धरणार. ती त्याच्याकडं गेलीच नाही. त्याच्या सायकलीकडं गेली, पाना लावला, पुढचं चाक काढलं आणि दुकानाच्या भिंतीवर खिळ्याला टांगून पुन्हा पंक्चर काढायला बसली.

मारून दमल्यावर तो आला. "चाक दे."

"जिले मारलं तिले आन. थे माफ केलं म्हनली का नेजो."

गिरणी लांब. पहाटेची पाळी. तो रोज पायी जायला लागला. पोलिसात गेला तर तिथं विचारलं, चाक का काढलं? ते त्याला सांगता येईना. शेवटी बायकोला घेऊन आला. तिच्या अंगावर कोरं लुगडं होतं.

गिरजाबाईनं विचारलं, "माफ केलं काय वं?"

बायको नवऱ्याकडं बघत म्हणाली, "थांबा बाई, अजून चपला घ्यायच्या रायल्या."

तेव्हापासून ही रीत पडली. कोणी पोरीला शीळ घातली, कोणी म्हाताऱ्या बापाला घराबाहेर काढलं, की पुढचं चाक भिंतीवर. ज्याचं वाईट केलं तो माणूस येऊन माफ केलं म्हणेपर्यंत ते तिथंच. एकदा चौकशीला एक हवालदार आला. "हे कायद्यात बसत नाही," असं बराच वेळ समजावत होता, आणि समजावता समजावता शेजारच्या म्हातारीच्या टोपलीतली संत्री सोलून खात होता. परत गेला तेव्हा सरकारी सायकल त्याच्या खांद्यावर होती.

* * *

गाणं कसं झालं ते फ्रान्सिस सांगतो. फ्रान्सिस मोहननगरचा. चर्चमध्ये गिटार वाजवायचा आणि आमच्या ऑर्केस्ट्रातही. अरुणला गिटार त्यानंच शिकवली.

अरुणला रॉक म्हणायचं होतं. इंग्रजी रेकॉर्डी ऐकून ऐकून तो मान हलवायला शिकला, उड्या मारायला शिकला, पण फ्रान्सिस काही खूश होईना. तो म्हणाला, "रॉक में गुस्सा होना, भाई. तुले कोणाचा गुस्सा येते?"

अरुणनं प्रामाणिकपणे विचार केला. म्हणाला, "मले नाही येत गा. आमच्या मोहल्ल्यात गिरजाबाईले येते."

"मग तिचा गुस्सा घे."

आठवड्यात गाणं तयार.

*हात उचलला रस्त्यावरती, पाहत होतं गाव,*
*पाना घेऊन बाई आली, पुसलं नाही नाव.*
*चाक काढ, बाई, चाक काढ,*
*पायी जाऊ दे लेकाले, चाक काढ.*

ठेका पाहिजे होता लोखंडी. माझ्या ड्रमवर तो निघेना. अरुण सरळ गिरजाबाईच्या दुकानात गेला आणि एक जुनी रिम मागितली.

"कायले पाहिजे?"

"वाजवाले."

गिरजाबाईनं त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग रिम काढून दिली आणि घड्याळात पाहून म्हणाली, "तासाचं भाडं लागंल."

आम्ही तीन कार्यक्रम त्या रिमचं तासाचं भाडं भरलं. गाणं तिच्यावरच आहे, हे तिला तेव्हा माहीत नव्हतं.

* * *

ऑर्केस्ट्राचे मालक बबनराव. अकॉर्डियन वाजवायचे आणि घाबरायचे. "पार्टी नाराज होईल" हे त्यांचं कायमचं वाक्य. ऑर्केस्ट्राला त्यांनी 'थंडर' असं नाव दिलं होतं, आणि कार्यक्रम सुरू झाला की खूण करून सांगायचे, जरा हळू.

रामदासपेठेत एका डॉक्टरच्या मुलीचं रिसेप्शन होतं. लॉनवर पांढऱ्या खुर्च्या, आइस्क्रीम, सगळे हळू आवाजात बोलणारे. बबनरावांनी अरुणला बजावलं होतं, "ते चाकाचं गाणं इथं अजिबात नाही." अरुण हो म्हणाला. तिसऱ्या गाण्यानंतर त्यानं मला डोळा मारला आणि मी रिमवर पाना हाणला.

दोन कडवी होईपर्यंत लॉनवर कोणी चमचा हलवला नाही. बबनराव अकॉर्डियनच्या मागं लपले. नवरीचा बाप स्टेजकडं यायला निघाला. तेवढ्यात पहिल्या रांगेत बसलेली नवरीची आजी, काठी, चष्मा, रेशमी नऊवारी, तिनं काठीनंच त्याला अडवलं. गाणं संपल्यावर तिनं अरुणला जवळ बोलावलं.

"ही बाई खरंच आहे का रे?"

"हाये ना आजी. गोळीबार चौकाच्या पुढं दुकान हाये."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानासमोर डॉक्टरची काळी मोटार उभी राहिली. आजी खाली उतरली नाही. काच खाली करून तिनं हळूच विचारलं, "मोटारीचं चाक काढता येतं का हो तुम्हाला?"

गिरजाबाईनं हात पुसले. "जॅक हाय काय गाडीत?"

* * *

आपल्यावर गाणं आहे हे गिरजाबाईला असं कळलं. तिनं अरुणला बोलावून घेतलं. मी बरोबर होतो.

"माह्यावर गानं केलं म्हनते?"

"हाव बाई."

"म्हन."

अरुण हजार माणसांपुढं लाल शर्ट घालून उड्या मारायचा. तिथं त्या ट्यूब आणि टायरच्या वासात त्यानं आधी शर्टाचं वरचं बटण लावलं. दोनदा खाकरला. पायानं ठेका धरला. सूर काही निघेना. दुकानात सायकल भाड्यानं घ्यायला आलेली दोन माणसं होती, तीसुद्धा वाट बघत उभी.

"लोकाइले म्हनून दाखवतं," गिरजाबाई म्हणाली, "अन् जिच्यावर केलं तिच्यापुढं मुका होतं?"

तिनं उठून त्याच्या सायकलीचं पुढचं चाक काढलं.

अरुण म्हणाला, "बाई, पन माफ कोन करन?"

"मी हावो ना. माही मर्जी होईन तवा."

त्या हंगामात आमच्या हिरोनं गिटार पाठीला लावून अख्खं नागपूर पायी तुडवलं. बबनराव म्हणायचे, गाणं फारच मनावर घेतलंय पोरानं.

* * *

आता बडग्याचा किस्सा. हा सांगताना प्रत्येक जण मीच तिथं पहिला होतो असं सांगतो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडं मारबत निघते, रोगराई घेऊन जाते म्हणतात त्या बाईचा मोठा पुतळा. तिच्याबरोबर बडगे. वर्षभर ज्याचा राग आला त्याचा पुतळा करायचा, महागाईचा, रॉकेलच्या टंचाईचा, एखाद्या पुढाऱ्याचा, आणि "घेऊन जा गे मारबत" असं ओरडत, वाजवत, शिव्या देत नेऊन जाळायचा. म्हणजे बडग्या कोणाचा करतात ते नागपूरच्या शेंबड्या पोरालाही कळतं.

आमच्या मोहल्ल्यातले पोट्टे गाण्यामुळं गिरजाबाईवर इतके फिदा झाले होते, की तिचा मान करायचा म्हणून त्यांनी तिचाच बडग्या केला. त्यांना मोठं काही करायचं होतं, आणि बडग्यापेक्षा मोठं त्यांना काही येत नव्हतं. बांबू, कागद, हिरवं लुगडं, हातात माणसाएवढा पाना. मागं प्रभावळीसारखी सहा चाकं, खरी. ती तिच्याच दुकानातून भाड्यानं आणली होती. कशासाठी ते सांगितलं नव्हतं.

अरुणला लाउडस्पीकर लावून हातगाडीवर उभा केला. तोही चढला. मी रिम वाजवत होतो. मलाही काही वाटलं नाही. मिरवणूक गाणं म्हणत, नाचत, धूळ उडवत तिच्या दुकानापर्यंत आली आणि पायरीवर गिरजाबाई उभी दिसली. तेव्हा कुठं एकेकाच्या डोक्यात उजेड पडला, की आपण हिला जाळायला नेऊन राहिलो.

अरुणचं गाणं अर्ध्यात थांबलं. ढोल थांबले. पोट्टे एकमेकांच्या मागं जायला लागले.

गिरजाबाई खाली उतरली. पुतळ्याभोवती एक फेरी मारली. वर बघत म्हणाली, "नाक कोनं केलं?"

एका पोट्ट्यानं शेजारच्याला पुढं ढकललं.

"बरं केलं हाय," ती म्हणाली. मग पाना काढला. "बाईले न्या. चाकं कायले जाळता बे? भाड्याचे हायेत."

सहाही चाकं तिनं स्वतः सोडवून दुकानात ठेवली. पोट्ट्यांनी मान खाली घालून बिनचाकाची गिरजाबाई पुढं नेली आणि जाळली. जाळल्याशिवाय बडग्या परत आणत नाहीत.

संध्याकाळी अरुण दुकानात गेला. पाय धरायच्या बेतानं गेला होता. बाईनं त्याचं चाक खिळ्यावरून काढून त्याच्या हातात दिलं.

"माफ केलं, बाई?"

"मले तं जाळून आले ना तुमी," गिरजाबाई म्हणाली. "आता राग धराले कोन रायलं?"

* * *

मधला भाग लवकर सांगतो. यंदाच्या उन्हाळ्यात अरुणचे डोळे पिवळे झाले. आधी झाडपाला केला, मग दवाखाना केला. उशीर झाला होता. फ्रान्सिस भेटायला आला तर अरुण पलंगाच्या दांडीवर बोटानं गाण्याचा ठेका धरत होता. शेजारचा पेशंट म्हणाला, "बंद कर गा, झोपू दे." अरुणनं हात पोटावर ठेवला. फ्रान्सिस म्हणतो, मग तो पोटावर वाजवत राहिला, आवाज येत नव्हता.

मयतीला सगळा मोहल्ला होता. रामदासपेठेची आजी मोटारीतून आली. गिरजाबाई आली नाही. त्या दिवशी तिचं दुकान उघडं होतं. तेराव्यालाही आली नाही. लोक म्हणाले, एवढं गाणं केलं पोरानं हिच्यावर. मी म्हणालो, दुकान जाळतो तिचं. फ्रान्सिसनं मला धरून ठेवलं.

* * *

गणपतीत प्रतापनगरला कार्यक्रम होता. मंडळानं घेतानाच अट घातली होती, चाकाचं गाणं पाहिजे. बबनरावांनी नवा गायक आणला. पोरगा चांगला होता, सुरात होता. लाल शर्टही घालून आला होता.

दुसऱ्या ओळीला मी थांबलो. ठरवून नाही. पाना खाली ठेवला, रिम उचलली, गळ्यात अडकवली आणि स्टेजवरून उतरून माणसांच्या मधून चालत गेलो. मागं नवा पोरगा बिनठेक्याचा गात राहिला. मग तोही थांबला. लोकांना वाटलं हे असंच बसवलेलं आहे. ते उभे राहिले आणि टाळ्यांवर त्यांनीच गाणं पुरं केलं. मी मांडवाबाहेर नालीच्या काठावर बसून ऐकलं.

कार्यक्रमानंतर बबनराव मला शोधत आले. मला वाटलं, काढून टाकणार. ते बाजूला बसले. डोळे पुसले. म्हणाले, "चांगला आयटम झाला रे. पुढच्या प्रोग्रामलाही ठेवू."

हा किस्सा मी घरी येऊन मायला सांगितला. अगदी बबनरावांचा आवाज काढून. ती माझ्या गळ्यातल्या रिमकडं बघत होती. त्या दिवशी तिनं हातात दिलेला घासही परत ताटात ठेवला.

* * *

त्यानंतर दोन-चार दिवसांनी, दुपारी, गिरजाबाई आमच्या दारात आली.

बस म्हटलं तर बसली नाही. किस्साही काही आणला नव्हता. अंगणात भिंतीला अरुणची सायकल टेकून होती. कोणी हात लावला नव्हता, सीटवर धूळ होती. गिरजाबाईनं कमरेचा पाना काढला आणि उकिडवी बसून पुढच्या चाकाचा नट फिरवायला लागली.

"बाई, हे काय करून राहिल्या?"

"दिसत नाही काय तुले?"

"अरुण गेला, बाई."

"मले मालूम हाय."

"मग आता कोणाचं काय बिघडवलं त्यानं?"

तिनं वर न बघता पाना दारातून आत बसलेल्या मायकडं केला. "हिचं."

चाक निघालं. सायकल पुढं तोंडावर पडली. गिरजाबाईनं चाक खांद्यावर घेतलं आणि आली तशी गेली.

माय पडलेल्या सायकलीकडं बघत होती. मग माझ्याकडं बघितलं. आवाज घोगरा होता, मला आधी कळलंच नाही कोण बोललं.

"थे चाक घेऊन गेली, अन् तू पाहून राहिला?"

मी चपला घातल्या. "आणतो."

"तुले देनार नाही थे," माय म्हणाली. भिंतीला धरून उठली. पदर सारखा केला आणि उंबरा ओलांडला.

मी मागं मागं. ओट्यावरच्या बायका उठून उभ्या राहिल्या, पण कोणी हाक मारली नाही. माय मधे दोनदा थांबली, श्वास घेतला, पुन्हा चालली.

दुकानात भिंतीवर बरीच चाकं होती. अरुणचं दाराजवळच्या खिळ्याला. गिरजाबाई घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब दाबून बुडबुडे बघत होती. तिनं मान वर केली नाही.

"माफ केलं काय वं त्याले?"

मायनं खिळ्यावरच्या चाकाला हात लावला.

"नाही," ती म्हणाली.

"मंग बस."

माय स्टुलावर बसली. गिरजाबाईनं ट्यूब पुसली, घासली, सोल्युशन लावलं, फुंकर घातली.

"थ्या गान्यात काय हाय माह्याबद्दल?" तिनं विचारलं. "मले कोनी पुरं म्हनून नाही दाखवलं."

ते गाणं घरात आठवडाभर रोज सकाळ-संध्याकाळ चाललेलं. माय तेव्हा कटकट करायची. तिनं सांगायला सुरुवात केली. म्हटलं नाही, सांगितलं, भाजीचा भाव सांगावा तसं. हात उचलला रस्त्यावरती. पाहत होतं गाव. एकही ओळ चुकली नाही. शेवटपर्यंत सांगितलं.

"एवढंच?"

"एवढंच."

"अन् चाल?"

"चाल इंग्रजी हाय," माय म्हणाली. "मले नाही जमत."

गिरजाबाईनं पॅच दाबून धरला. दोघी त्याच्याकडं बघत बसल्या. मग तिनं पुन्हा विचारलं.

"माफ केलं काय?"

"नाही."

"मंग उद्या ये," गिरजाबाई म्हणाली. "जेवून येजो."